नऊ सकाळींची दुरुस्ती

मसुदा १

मृदाशास्त्र विभागाच्या प्राध्यापिकांना पाच वर्षांचे राष्ट्रीय संशोधन अनुदान मिळाले आहे. विद्यापीठाच्या मागील शेतात सलग सव्वीस वर्षे, एकही सकाळ न चुकता घेतलेल्या जमिनीच्या तापमानाच्या नोंदींमुळे हे शक्य झाले. जमिनीखाली अचानक होणाऱ्या तापमानबदलाचे, म्हणजेच ‘उडीचे’, कारण त्या शोधणार आहेत. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन.

(शब्द: चाळीस.)

चाळीस म्हणजे चाळीस. विद्यापीठाचं संशोधन-वार्तापत्र दर महिन्याच्या एक तारखेला निघतं, आठ पानांचं, आणि त्यात कुणी काय शोधलं, कुणाला कुठलं अनुदान मिळालं, हे सगळं मी लिहिते. दहा वर्षांचा प्रकल्प असो की परिषदेत मिळालेलं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र असो, वाट्याला शब्द तेवढेच. लोक घासाघीस करतात. एक भौतिकशास्त्रज्ञ दोनशे बारा शब्द घेऊन आले होते आणि म्हणाले, यातला एकही काढता येणार नाही. मी पहिले चाळीस ठेवले. ते सगळे त्यांच्या पदव्यांतच संपले.

शेवटच्या पानावर खाली उजवीकडे ‘दुरुस्ती’ नावाचा कोपरा असतो. आद्याक्षरं चुकली, विभाग चुकला, असलं काहीबाही. एकदा एका सेवानिवृत्त प्राध्यापकांना आम्ही ‘कै.’ लावलं. ते स्वतःच दुरुस्ती घेऊन आले आणि चहा घेऊन गेले.

वरचा मसुदा मी सोमवारी लिहिला. मंगळवारी प्राध्यापिकांचा भरलेला अर्ज हातात आला, कारण नियमाप्रमाणे मसुदा अर्जाशी ताडून बघावा लागतो. सहाव्या रकान्यात ‘सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण’ असं होतं आणि तिथे एक तारीख होती. एकोणीस वर्षांपूर्वीची.

ती तारीख मला पाठ आहे. आदल्या संध्याकाळी आमची आई गेली.

मसुद्यात न मावलेलं

त्या नोंदी घेतो तो माझा दादा. विद्यापीठातला तंत्रसहायक. मागच्या शेतात, शेवटच्या कुंपणाशी, एक पत्र्याची खोली आहे आणि तिच्यासमोर जमिनीत पुरलेल्या तीन नळ्या. एक बोटभर खोल, एक फूटभर, एक तीन फूट. प्रत्येक नळीत साखळीला बांधलेला तापमापक. सकाळी सात वाजता साखळी ओढायची, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. त्याच्या येण्यावर रखवालदार घड्याळ लावतात. अख्खं विद्यापीठ त्याला सातकाका म्हणतं, आणि काही नव्या मुलांना ते त्याचं आडनाव वाटतं.

त्या वर्षी आई अकरा दिवस दवाखान्यात होती. रात्री दादा तिच्यापाशी असायचा, दिवसा वहिनी आणि मी. दादानं पहिल्याच दिवशी शेताची किल्ली आणि वही माझ्या हातात ठेवली.

“बुटके, एवढं कर. सातला आकडे घे आणि मग ये. मी तोवर आईपाशी थांबतो.”

“आणि एखाद्या दिवशी नाही जमलं तर?”

“न जमायला काय आहे? तीन आकडे तर आहेत. वरचे दोन नाचतात, ते नीट बघ. तीन फुटांखालची जमीन आळशी असते. ती कुणासाठी घाई करत नाही.”

पहिल्या दिवशी मी गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. आमच्या खोलीपासून ते शेत चाळीस मिनिटांवर, आणि मी विद्यापीठात टंकलेखक म्हणून नुकतीच लागले होते. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा पावणेआठ वाजले होते.

वही उशाशी होती.

तक्ता: तीन फूट खोलीवरचे आकडे

पहिला दिवस: २४.५. गेले.

दुसरा: २४.६. गेले. चप्पल चिखलात रुतली.

तिसरा: २४.६. झोप. अंथरुणात बसून लिहिला. पेन चालेना, म्हणून आधी कोपऱ्यात गोल गोल गिरवलं.

चौथा: २४.६. झोप.

पाचवा: २४.५. झोप. सारखं तेच बरं दिसत नाही म्हणून.

सहावा: २४.६. जाग होती. गेले नाही.

सातवा: २४.६. जाग होती.

आठवा: २४.७. आदल्या रात्रीच लिहून ठेवला.

नववा: २४.६. दवाखान्यात दादानं विचारलं, “गेली होतीस?” मी म्हटलं, “हो.” तो म्हणाला, “दमलीस गं.”

दहावा: २४.६.

अकरावा: २४.६.

बारावा: २५.४. हा दादाचा. आईला पोचवून आला, तोंड धुतलं, आणि सातला शेतात हजर.

वरच्या दोन नळ्यांचे आकडे मी शेजारच्या हवामान खात्याच्या अंदाजावरून मारले होते. ते थोडे इकडेतिकडे झाले तर कुणाच्या लक्षात येत नाही. तीन फुटांच्या आकड्याबद्दल मला काळजीच नव्हती. दादाच म्हणाला होता ना, आळशी असते म्हणून.

दूरध्वनी, मंगळवार, साडेअकरा

प्राध्यापिकांना सगळे मातीबाई म्हणतात, त्यांच्या पाठीमागे. त्यांनाही ते माहीत आहे. त्यांच्या चपलांना कायम माती असते.

“मॅडम, वार्तापत्रातून बोलतेय. एक शंका होती.”

“एकच? नशीब माझं. बोला.”

“ती उडी. अर्जात म्हटलंय तशी. ती किती महत्त्वाची आहे?”

“अहो, तीच तर आहे! बघा, त्या आठवड्यात ऊन अचानक तापलं होतं. वरची जमीन तापली. खालची नऊ दिवस ढिम्म. आणि दहाव्या सकाळी एकदम आठ दशांश वर! म्हणजे मधला कुठला तरी थर उष्णता अडवून धरतो आणि मग एका रात्रीत सोडून देतो. का? कुणालाच माहीत नाही. आता चाळीस ठिकाणी यंत्रं पुरणार आहोत.”

“आणखीही उड्या आहेत ना? अर्जात तीन म्हटल्यात.”

“दोन आहेत, पण पिल्लं. दोन दशांश, तीन दशांश. त्या एकट्या असत्या ना, तर मी वाचनातली गफलत म्हणून सोडून दिल्या असत्या. पहिली मोठी होती म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं.”

“पहिलीही गफलत असेल तर?”

त्या हसल्या. “दुसऱ्या कुणाचा आकडा असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण सातकाकांचा आहे. तुमचे सख्खे भाऊ ना ते? मग तुम्हाला मी काय सांगणार! बरं, त्यांचा फोटो मोठा छापा हं. माझा नाही छापलात तरी चालेल. आणि तीन मुलं घेतलीयत मी या कामावर, पुढच्या महिन्यापासून. त्यांचीही एक ओळ बसते का बघा.”

बसत नव्हती. चाळीस झाले होते.

मांडणीवाला

आमच्याकडे पानं लावतो तो. समोरच्या टेबलावर बसतो आणि दिवसभर रेषा सरकवतो.

“ताई, तुमच्या दादांचा फोटो बघा. काय ऐटीत उभे राहिलेत! शर्टाची इस्त्री एवढी कडक की वाकले तर मोडेल.”

पडद्यावर दादा होता. हातात साखळी, साखळीला तापमापक. चेहरा असा, की जणू मोठा मासाच पकडलाय. सव्वीस वर्षांत वार्तापत्रात त्याचं कधी काही आलं नव्हतं. आमच्याकडे तंत्रसहायकांचं येत नाही. आभाराच्या यादीतही ‘व इतर कर्मचारी’ असतात. दोन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता.

“खाली काय लिहू?” मांडणीवाल्यानं विचारलं. “मी ‘अखंड सव्वीस वर्षे’ टाकलंय, जाड ठशात.”

“अखंड नको.”

“का? भारी दिसतंय.”

“थांब जरा.”

“थांबतो, पण गुरुवारी चारला छापखान्यात जायचंय. तुम्हीच ओरडता, मग म्हणता थांब. ताई, बरं नाहीये का तुम्हाला?”

घरी वहिनीचा निरोप होता. मोतीबिंदूची तारीख ठरली, पुढचा सोमवार. डॉक्टरांनी दादाला नऊ-दहा दिवस वाकायचं नाही असं सांगितलंय. आणि निरोपाचं शेवटचं वाक्य, दादाचं, वहिनीच्या आवाजात: “बुटकीला सांग, किल्ली घेऊन जा. तिला सवय आहे.”

ज्या गोष्टी मी करू शकले असते, त्यांची अपुरी यादी

काहीच न करणं. एकोणीस वर्षं तेच केलं होतं आणि त्याचा छान हात बसला होता.

मॅडमना निनावी चिठ्ठी पाठवणं. अक्षर सगळे ओळखतात.

‘सलग’ आणि ‘एकही सकाळ न चुकता’ हे शब्द गुपचूप काढून टाकणं. मग पस्तीस शब्द झाले असते आणि मला शांत झोप लागली असती. झोपेचं नाव काढायला नको होतं.

आधी मॅडमना सांगणं. मग दादाला ते दुसऱ्याकडून कळलं असतं.

बुधवार, सात वाजता

कुंपणापाशी पोचले तेव्हा सातला पाच कमी होते. दादा पत्र्याच्या खोलीतून वही घेऊन बाहेर येत होता. डोळे बारीक करून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“कोण? बुटके? तू? सूर्य कुठून उगवला आज? किल्ली न्यायला आलीस होय! अगं, सोमवारला वेळ आहे.”

“दादा, मला बोलायचंय.”

“सात वाजू देत.”

सात वाजले. त्यानं एकेक साखळी ओढली, तापमापक नाकापाशी धरला, एक डोळा मिटला. वाचला, लिहिला. तिसरा वाचताना त्याला दोनदा धरावा लागला. मग त्यानं टोपण लावलं.

“हं. बोल.”

मी उभ्याउभ्या सांगितलं. काही सजवलं नाही, रडले नाही. आई आजारी होती असंही म्हटलं नाही, ते त्याला माहीत होतं. झोपले होते, एवढंच म्हटलं.

दादा खोलीत गेला. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. आतून पत्र्याच्या पेट्या सरकवल्याचा आवाज आला. मग तो त्या वर्षीची वही घेऊन आला आणि खोलीच्या पायरीवर बसला.

“सगळे अकरा?”

“पहिले दोन घेतले होते.”

“मग नऊ म्हण. नीट सांगावं.” त्यानं पान उघडलं आणि अगदी डोळ्यांपाशी नेलं. “हे गोल गोल काय आहे?”

“पेन चालत नव्हतं.”

“मला वाटायचं, आईच्या काळजीनं पोरीनं गिरवलंय.” त्यानं वही मांडीवर ठेवली. “तुला माहीत आहे, मी इथे खणलं होतं?”

“कुठे?”

“या नळीपाशी. आईच्या तेराव्या... नाही, त्याच्याही आधी. वाटलं, खालून पाण्याची नळी फुटलीय. पाणीवाल्यांना पत्र लिहिलं. ते येऊन बघून गेले आणि माझ्यावर हसले. मग मला वाटलं, मीच चुकलो. रात्रभर जागा होतो, डोळे सुजलेले. म्हटलं, चोवीस पूर्णांक सहाला पंचवीस पूर्णांक चार वाचलं असेल. बाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, माझा त्या दिवशीचा आकडा धरू नका, तो चुकलाय. तेव्हा त्या नवीन होत्या. म्हणाल्या, काका, तुम्ही नाही चुकणार.”

“मला नाही सांगितलंस कधी.”

“काय सांगायचं? आई गेली त्या दिवशी माझ्या हातून काम बिघडलं, हे?” त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. “एकोणीस वर्षं, बुटके! दर वर्षी ती तारीख आली की मी त्या दिवशी दोनदा वाचतो. तीनदा. लोक म्हणतात सातकाका, सातकाका. मला वाटायचं, एक दिवस सोडून.”

हे मला ठाऊक नव्हतं. मी मंगळवारपासून मॅडमचा, मुलांचा, अनुदानाचा विचार करत होते. दादाचं नुकसान आता होणार आहे असं मी धरून चालले होते.

“आळशी असते म्हणाला होतास,” मी म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

“आळशी म्हटलं होतं. मेलेली नव्हतं म्हटलं.”

त्यानं पेन माझ्यापुढे धरलं. वहीचा नियम मला माहीत होता. खोडरबर नाही, गिरवणं नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी खरं काय ते लिहायचं आणि आजच्या तारखेनं सही करायची.

मी एकेका दिवसाच्या तिन्ही आकड्यांवरून एक, अशा नऊ रेघा मारल्या. नऊ वेळा लिहिलं: घेतले नाहीत. नऊ सह्या केल्या. दादा शेजारी बसून बघत होता, आणि सहाव्या सहीला म्हणाला, “तारीख राहिली.”

मग मी बाराव्या दिवसाकडे बोट दाखवलं. “इथे?”

“तिथे काही नाही करायचं,” तो म्हणाला. “तो बरोबर आहे.” आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच: “बरोबर होता तो.”

किल्लीचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही.

मृदाशास्त्र विभाग, साडेदहा

मातीबाईंनी वही टेबलावर उघडी ठेवली आणि चष्मा काढला. पुन्हा घातला. माझ्याकडे बघितलंच नाही.

“नऊ,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“नऊ दिवस अडवून धरलं आणि दहाव्याला सोडलं.” त्यांना हसू आल्यासारखं झालं, पण ते कुठे पोचलं नाही. “मी यावर तीन लेख लिहिलेत. एका परदेशी माणसानं त्याला समीकरण बसवलंय. छान बसतं.”

“मॅडम, मी...”

“तुम्ही आता काही बोलू नका. प्लीज.” त्या उठून खिडकीपाशी गेल्या. “काकांनी सांगितलं होतं मला. माझा आकडा धरू नका म्हणाले होते. मी त्यांच्या आकड्यावर शंका घेतली नाही याचा मला अभिमान होता. आदले नऊ कुणी घेतले, हे विचारायचं सुचलं नाही. शाळेतल्या पोराला सुचलं असतं.”

त्या परत येऊन बसल्या आणि फोन उचलला. अनुदान देणाऱ्या कार्यालयाचा नंबर त्यांना पाठ होता. मी उठू लागले तर हातानंच बसा म्हणाल्या. पलीकडच्या माणसाला त्यांनी सगळं सांगितलं, माझं नाव सोडून. ‘एका साहाय्यकाकडून’ म्हणाल्या. मग बराच वेळ नुसतं ऐकत होत्या.

“तीन महिने,” फोन ठेवून त्या म्हणाल्या. “उरलेल्या दोन उड्यांवर काही उभं राहतं का ते दाखवा म्हणतात. तोवर पैसे नाहीत. मुलांना सांगावं लागेल.”

“त्या दोन दादाच्या आहेत. त्या खऱ्या असतील.”

“असतील. दोन दशांश!” त्यांनी वही मिटली, मग पुन्हा उघडली. “काही म्हणा, रेघा सरळ मारल्यात तुम्ही.”

गुरुवार, पावणेचार

मसुदा १ काढला. त्या जागेवर मोठी पांढरी चौकट उरली. मांडणीवाला म्हणाला, “ताई, एवढी जागा मोकळी ठेवली तर लोकांना वाटेल काहीतरी निधनवार्ता आहे.”

“फोटो ठेव. मोठा कर.”

“आणि खाली?”

“ज्येष्ठ तंत्रसहायक, सकाळी सात वाजता.”

“बस्स?”

“बस्स.”

आमच्या विभागाच्या संचालकांनी शेवटचं पान दोनदा वाचलं. “या कोपऱ्यात आपण आद्याक्षरं दुरुस्त करतो,” ते म्हणाले. मी म्हटलं, “हो सर.” ते म्हणाले, “तुम्हाला मेमो द्यावा लागेल.” मी म्हटलं, “हो सर.” मेमो पुढच्या बुधवारी मिळाला. एकशे चौदा शब्दांचा होता.

दुरुस्ती

सव्वीस वर्षांच्या जमिनीच्या तापमानाच्या नोंदींपैकी नऊ सकाळींच्या नोंदी प्रत्यक्ष घेतलेल्या नाहीत. ते आकडे या वार्तापत्राच्या संपादिकेने घरी बसून लिहिले. नोंदी ठेवणाऱ्या ज्येष्ठ तंत्रसहायकांना हे माहीत नव्हते. दहाव्या सकाळी त्यांनी घेतलेला आकडा बरोबर होता. अनुदानाबाबतचा निर्णय राखून ठेवण्यात आला आहे. क्षमस्व.

(शब्द: चाळीस.)

मंगळवार

सोमवारी सकाळी आकडे घेऊन मगच दादा दवाखान्यात गेला. डोळ्याचं ऑपरेशन झालं. भेटायला गेले तर पट्टी बांधून पडला होता आणि वहिनीला सांगत होता की नळीचं झाकण उजवीकडे फिरवायचं. माझ्याशी डाळिंबाच्या भावाबद्दल बोलला. किल्ली वहिनीच्या पदराला बांधलेली मी पाहिली.

तरी मंगळवारी मी गेले. बोलावलं नव्हतं. सातला दहा कमी असताना कुंपणापाशी पोचले, तर वहिनी आधीच तिथे, साडी वर खोचून, वही छातीशी धरून, पहिल्या नळीकडे असं बघत होती जसं विंचवाच्या बिळाकडे बघतात.

“आलीस?” ती म्हणाली. “ह्यांनी सांगितलंच होतं, येईल म्हणून. आणि हेही सांगितलंय, की तिला वाचू दे, लिहायचं तू.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला त्या काचेवरच्या मुंग्या दिसत नाहीत, आणि तुझ्या हातात पेन द्यायचं नाही. कळलं? रागावलेत ते. पण म्हणाले, नजर चांगली आहे तिची.”

सात वाजले. मी तिसरी साखळी ओढली. तीन फुटांखालून वर येताना तापमापकाला माती लागली होती. ती मी पुसली आणि काच डोळ्यांपाशी धरली.

“तेवीस पूर्णांक एक.”

“नक्की?”

मी पुन्हा वाचला.

“तेवीस पूर्णांक एक.”

वहिनीनं सावकाश, शाळेतल्यासारखं जीभ बाहेर काढून, तो आकडा लिहिला आणि सही केली. मग वही माझ्याकडे वळवली, पण सोडली नाही.

“तुझीही कर,” ती म्हणाली. “माझ्याखाली.”